मास्तरांच्या पणजीवरची चार वाक्यं

विद्यानगरात आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. कुटुंब मराठवाड्यातलं, ख्रिस्ती, दोन पिढ्यांपासून हैदराबादेत. त्यांच्या चर्चमध्ये तेलुगू उपासना आटोपली की मागच्या हॉलमध्ये मराठी मंडळी जमे. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या रविवारी, कुणीतरी ख्रिस्ती इतिहासातल्या माणसांवर निबंध वाचायचा आणि तो मंडळीच्या वहीत चिकटवायचा, अशी पद्धत होती. माणसं कमी झाल्यामुळे हे वाचन त्या वर्षी बंद होणार होतं. शेवटची पाळी मास्तरांची. मी वर्तमानपत्रातला निवृत्त उपसंपादक, म्हणून हस्तलिखित तपासून टाइप करायला त्यांनी माझ्याकडे दिलं.

विषय होता विश्वासाच्या वाटेवर पुढं चाललेल्या स्त्रिया. पहाटे कबरीपाशी गेलेल्या बायका, जांभळं कापड विकणारी बाई, तान्हं मूल मागं ठेवून रोमन आखाड्यात जनावरांसमोर उभी राहिलेली तरुण आई. शेवटची चार वाक्यं मास्तरांच्या पणजीवर होती. गावातला पहिला बाप्तिस्मा तिचा. त्यानंतर भावांनी तिच्या नावानं आंघोळ केली.

"मास्तर, याला आधार काय?"

"माझी आजी सांगायची."

"चर्चच्या नोंदीत आहे?"

"त्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. मंडळीची ही वही तरी राहील. तिचं नाव हिच्यात चढावं, एवढंच."

"एका माणसाच्या सांगण्यावर नाही चालत."

ते हसले. "रिकाम्या कबरीची बातमी बायकांनीच आणली होती, साहेब. शिष्यांना ती बडबड वाटली. तुम्ही तेव्हा बातम्यांच्या डेस्कवर असता तर ईस्टर झालाच नसता."

मीही हसलो आणि चार वाक्यांवर लाल रेघ मारली. टाइप झाल्यावर मूळ कागद फाडून टाकायचा, ही डेस्कवरची सवय. तो मी फाडला.

त्या रविवारी मी हॉलमध्ये मागं बसलो होतो. मास्तरांनी छापील निबंध शेवटपर्यंत वाचला. शेवटचं पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं. ते खाली बसले.

जानेवारीत ते गेले.

महिन्याभरानं त्यांची मुलगी आली. ती मराठी बोलते. शाळा तेलुगू माध्यमाची, मराठी वाचता येत नाही. हातात ती वही होती.

"काका, बाबा म्हणायचे, निबंधात त्यांच्या पणजीबद्दल लिहिलंय, नावासकट. मला वाचून दाखवा ना."

ते मी काढून टाकलं, असं सांगितलं.

"हातानं लिहिलेलं असेल ना तुमच्याकडे?"

"नाही."

"नाव तरी?"

समासात मी लिहिलेला शेरा मला आठवत होता: आधार नाही. नाव आठवेना. ती थांबून राहिली. दोन नावं होती, बाप्तिस्म्याआधीचं एक आणि नंतरचं एक, एवढंच मी तिला सांगू शकलो.