झाकून ठेवलेली कॉन्टेसा

कुणी रिक्षात बसायला वाकलं, की काका पुढे व्हायचे आणि वरच्या कडेला तळहात लावून उभे राहायचे. बसणाऱ्याचं टाळकं आपटू नये म्हणून. "डोकं सांभाळा," एवढंच म्हणायचे. रिक्षावाला वैतागून मागे बघायचा. अर्धं आयुष्य मलबार हिलच्या एका शेठची गाडी चालवलेला माणूस. डोकी सांभाळणं त्यांच्या हातात मुरलं होतं. एकदा तर सोसायटीच्या लिफ्टलाही त्यांनी असा हात लावलेला मी पाहिलाय.

गोडदेव गावात माझं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान आणि काका शेजारच्या बिल्डिंगमधले. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेलच, ज्याची गाडी कधी कुणी चालताना पाहिलेली नाही. आमच्याकडे ते काका. शेठ वारले तेव्हा शेठाणीने त्यांची लांबलचक, भारदस्त कॉन्टेसा काकांच्या हवाली केली. "शेठची गाडी आहे, सांभाळ," म्हणाली.

काकांनी सांभाळली म्हणजे काय, तर जाड ताडपत्रीत गुंडाळून दोरीने अशी आवळली, की वाऱ्यालाही आत शिरायची परवानगी नाही. रोज सकाळी आंघोळ करून फडकं घेऊन खाली यायचे आणि ताडपत्री पुसायचे. दसऱ्याचा झेंडूचा हारही ताडपत्रीलाच.

"काका, निदान देवाला तरी तिचं तोंड दाखवा," मी म्हणायचो.

"नको रे बाबा. मिठागरावरची हवा लागते. लोखंड खाते ती."

दसऱ्याला शेठाणीचा फोन यायचा. गाडी कशी आहे? "एकदम टकाटक, बाई. रोज पुसतो." त्यात खोटं काहीच नव्हतं.

जवळच्या इंद्रलोक वस्तीच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. गणपती उठले आणि शेठाणीचा अवेळी फोन आला. या दसऱ्याला मी स्वतः येते, मला शेठच्या जागेवर बसव आणि एक चक्कर मार.

काका त्याच संध्याकाळी माझ्या दुकानात. "मागची सीट शिवायचीय. पांढरी, होती तशी."

"गाडी दाखवा की मग."

"माप मी आणलंय." त्यांनी गाठी मारलेली सुतळी पुढे केली. ताडपत्रीखाली शिरून, अंधारात चाचपून घेतलेलं माप. गाडी दुरुस्त करायला घेताना कुणी सीटपासून सुरुवात करतं का? लोक आधी पत्रा बघतात, इंजिन बघतात. त्यात काकांच्या बोटांना गंजाची तांबूस भुकटी लागली होती. मी बघतोय हे दिसताच त्यांनी हात खिशात घातला.

शेवटी मीच एका रविवारी पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरला घेऊन गेलो. दोऱ्या सुटल्या, ताडपत्री खाली आली. पावसाचं पाणी खाली मुरून, आतल्या आत कोंडून, गाडीचा खालचा अर्धा भाग चाळणी झाला होता. डेंटरने दाराला नुसती थाप मारली, तर पत्र्याचा चुरा हातात आला.

"चाचा, इसको तो कवर ने खाया. खुली रखते तो इतनी नहीं सड़ती."

गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. उघडी पडली होती गाडी, पण अंग चोरत होते काका. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "सगळ्यांना आत जायला सांगा हो," हळूच म्हणाले. मला ते बघवेना.

काम सुरू झालं. दारं उतरवून डेंटरकडे गेली. काका रोज पॉलिश पेपर घेऊन गंज घासत बसायचे, वर न बघता.

"बाईंना फोन करा. सांगा, अजून वेळ लागेल."

"काय सांगू? मीच गंजवली म्हणून?"

दसऱ्याला गाडी विटांवरच होती. अंगभर तांबडा प्रायमर, इंजिन बाहेर, दारं नाहीत, पायाखाली पत्र्याऐवजी फळी. फक्त मागची सीट पांढरीशुभ्र. शेठाणी टॅक्सीतून उतरली आणि काका गायब. मी वर गेलो. दाराआडून आवाज आला, "मी रत्नागिरीला गेलोय म्हणून सांगा."

"काका, त्या उन्हात उभ्या आहेत."

बऱ्याच वेळाने खाली आले ते पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. पोटावरचं बटण लागत नव्हतं. "बाई, गाडी मी गंजवली. झाकून झाकून गंजवली. तोंड दाखवायला जागा उरली नाही मला."

शेठाणीने गाडीभोवती एक फेरी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, नाही कशाला म्हणू? "अरे, दरवाजा क्यां छे?" दार कुठंय, एवढंच म्हणाली. मग मागच्या सीटपाशी जाऊन थांबली. वाकेना, बसेना. वाट बघत होती.

काकांना ते जरा उशिराच कळलं. लगबगीने पुढे झाले, नसलेल्या दाराशी उभे राहिले आणि छपराच्या कडेला तळहात लावला. "डोकं सांभाळा, बाई."

तेव्हा ती वाकली आणि बसली. काका पुढे बसले. विटांवरच्या त्या गाडीत दोघं बराच वेळ होती. काय बोलली, मला ठाऊक नाही. त्या दिवसानंतर ताडपत्री परत चढली नाही, हे मात्र मी पाहिलं.

दारं परत बसायच्या आधीच काका गेले. त्यांना उचलून आम्ही शववाहिकेत सरकवत होतो, तेव्हा माझा एक हात आपसूक वर गेला, दाराच्या कडेला. "डोकं सांभाळा," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही.