भटूमामाने मागितलेलं पत्रक

फोन आला तेव्हा आई गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. अमेरिकेतून मामी बोलत होती. भटूमामा झोपेतच गेला होता, हृदय बंद पडून. आई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि अगदी दबक्या आवाजात बोलू लागली. घरात आम्ही दोघीच होतो… तरीही. परदेशातला फोन ती आता असाच घेते.

मामा सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावचा. अमेरिकेत एका नातेवाइकाच्या पेट्रोलपंपावरचं दुकान सांभाळायचा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तो गल्ल्यापाशी उभा राहून फोनवर आईशी अहिराणीत बोलत होता. कापूस, लग्नं, नेहमीचंच. एक गिऱ्हाईक ओरडलं, "इंग्रजीत बोल, नाहीतर निघ इथून." मामाने हातानेच जरा थांब म्हटलं. पुढचं आईने फोनवर ऐकलं. तिला शब्द एकही कळला नाही, मार कळला.

मग खटला उभा राहिला. द्वेषातून मारलं हे सिद्ध झालं तर तिकडे शिक्षा वाढते. त्यावर तिकडच्या गावात वाद पेटला. मार तो मारच, माणसाच्या मनात काय होतं हे कोर्टाने कशाला तपासायचं, असं म्हणणारे आपलेही लोक होते. मामा मला फोनवर म्हणाला, "मार माले लागना, पन भ्याव कमलना मनमा बठनं. त्यानी शिक्षा कोन मोजई?" कमल म्हणजे माझी आई. गिऱ्हाइकाचे ते शब्द ऐकणारा साक्षीदार एकच, दुकानातला मेक्सिकन सोबती. त्याच्याजवळ कागदपत्रं नव्हती. साक्षीला उभा राहिला असता तर देशाबाहेर काढला गेला असता. मामाने त्याला गळ घातली नाही. द्वेषाचं कलम गळालं.

इकडे आम्ही पेटून उठलो. वडील चळवळीतले, मी पत्रकं वाचतच वाढले. 'मातृभाषा हा गुन्हा नाही' हे पत्रक मी एका बैठकीत लिहिलं आणि शहाद्यात मोर्चा काढला. गर्दी दिसावी म्हणून वसतिगृहातल्या, तोरणमाळकडच्या मुलींना आणलं होतं. त्यातली रेखा कॅमेऱ्यासमोर आली आणि पावरीत, तिच्या आदिवासी बोलीत, घोषणा देऊ लागली. आमचे भाऊ, म्हणजे संघटनेचे पुढारी, तिच्यावर खेकसले, "ए, ते तुमचं बंद कर. मराठीत बोल, नाहीतर मागे जा." पोरी हसल्या. रेखा मागे गेली. मी शेजारीच होते, हातात पत्रकांचा गठ्ठा धरून.

तो व्हिडिओ मी अभिमानाने मामाला पाठवला होता. पुढच्या हिवाळ्यात तो आला, तेव्हा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघता बघता म्हणाला, "अव माय, त्यानी माले जे सांगं, तेच तुम्हना भाऊनी त्या पोरले सांगं."

"मामा, तिला कुणी मारलं नाही."

"मन्हा वकीलसमोर त्यास्ना वकील असाच बोलना व्हता, फक्त मार मोजा, बोलनं मोजू नका." तो हसला, मला भजी दिली. मग म्हणाला, "आते एक पत्रक तिन्हंबी काढ."

मी हो म्हटलं. दरवर्षी तो विचारायचा, "काढं का वं?" दरवर्षी काही ना काही तातडीचं असायचं.

परवा गावी मामाचं उत्तरकार्य, गंधमुक्ती, झालं. जेवणं उरकल्यावर भाऊ माझ्याजवळ आले. "मामांवर जहाल पत्रक काढू. अमेरिकेच्या द्वेषाचा बळी, असा मथळा दे."

"काढू. पण त्यात रेखाची गोष्टही येईल."

"ती गोष्ट वेगळी आहे," भाऊ म्हणाले.

या वेळी मी गप्प बसले नाही. पण ऐकायला रेखा कुठे होती? मोर्चानंतर ती आमच्याकडे कधी फिरकली नाही, आणि ती कोणत्या पाड्यावरची हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही. म्हणून मामाने मागितलेलं पत्रक इथे लिहिते आहे, तेही मराठीतच, कारण पावरीचा एक शब्द मला येत नाही.

काल मामीचा फोन आला. आई उठली, आत गेली, दार लावलं. मामा असता तर पलीकडून ओरडला असता, "कमल, जोरमा बोल ना! चोरी करेल शे का आपन?" मी दाराशी उभी राहिले. आतून नुसती कुजबुज येत होती… आपल्याच घरात, आपल्याच बोलीत.