दक्षिणेचं दार

फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवत होते... हवेत सोडलेली वस्तू कुठे जाऊन पडते, ते गणित. "बेबी, तुये मामा गेले व..." मामींना पुढं बोलवेना. मुलांना सोडलं आणि फळ्यावरचा वक्र पुसायला डस्टर उचललं, पण न पुसताच ठेवून दिलं. याच गणितानं मी एकदा मामांचं तोंड बंद केलं होतं. आता महिना होऊन गेला, तरी ते सलतंच आहे.

नानामामा तेल्हाऱ्याचे. कपाशी-तुरीचं शेत आणि रानडुकरं, रोही म्हणजे नीलगायी यांच्यापासून ते राखायला परवान्याची एक जुनी रायफल. दर रविवारी ते तिला तेलपाणी करत, पण तिचा बार गावात कुणी ऐकलेला नव्हता. उलट निवडणूक आली, सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या आणि भिंतीवरची खुंटी रिकामी झाली, की मामांची रायफल जास्तच लांब मारू लागे. ओसरीवर पानाचा डबा उघडायचा आणि सुरू... "रोही उभा होता पार सातपुड्याच्या पायथ्याशी. म्या गोयी सोडली. पोचली तं तिथं त्याचा नातू उभा!" "मग?" आम्ही पोरं विचारायचो. "मंग काय? त्या लेकराचा काय गुन्हा? म्या इथूनच हाक मारली, बाजूले हो बे!" मामांच्या गोष्टींत गोळ्या पुष्कळ सुटल्या, पण कधी कुणी मेलं नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

सगळ्यात लांबची गोळी माझी होती. माझ्या जन्माची बातमी आली, त्या आनंदात त्यांनी ती उत्तरेकडे सोडली म्हणे. ती सातपुडा ओलांडून गेली ती गेलीच. "पृथ्वी गोल हाये, हे तुमच्याच पुस्तकात लिवलं न? मंग फिरून अकोल्याच्या अंगानं येईनच ते." म्हणून घराचं दक्षिणेचं दार दिवसभर सताड उघडं. बंद असलं तर गोळी फुकट दार फोडेल ना! त्या दारासमोरून आम्ही पोरं वाकून जायचो, मामाही वाकायचे. मामी तेवढ्या ताठ चालत. "सारे येडे हायेत," म्हणत त्या घरात शिरलेली कुत्री हाकलायच्या.

मग मामेबहिणीचा साखरपुडा आला. अकोल्याचे पाहुणे ओसरीवर बसलेले, मामा रंगात आलेले, गोळी निघालेली... तेवढ्यात पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "या मॅडम फिजिक्सच्या ना? त्यांनाच विचारू." मी नवी नवी एमएस्सी झालेली, अंगात मस्ती. पेढ्यांच्या खोक्यावर पेनानं गणित मांडलं. वेग धरला, कोन धरला. "वारा धरला काय व?" मामांनी हळूच विचारलं. "वाऱ्यानं काय होतंय, मामा? ही गोळी गावाची शीवसुद्धा ओलांडत नाही." पाहुणे खो खो हसले. मामाही हसले. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्यांनी उठून दक्षिणेचं दार लावलं आणि कडी घातली.

त्यानंतर सात वर्षं मी तेल्हाऱ्याला जात राहिले. मामा माझी विचारपूस करत, क्लास कसा चाललाय, जेवली का. गोष्ट मात्र एकही सांगितली नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दार बंदच होतं, आणि ते उघडा म्हणायचं मला धाडस झालं नाही.

शेवटची भेट अकोल्याला, दवाखान्यात. मामा निम्मे झाले होते. माफी मागायचं घोकून गेले होते, तोंडातून भलतंच आलं. "मामा, माझं गणित चुकलं होतं."

"कोनतं?"

"गोळीचं. मी वारा धरला नव्हता."

त्यांनी डोळे उघडले. "म्या तवाच सांगतलं होतं तुले..." मग एकदम जुन्या गंभीरपणानं विचारलं, "कुठवर आली असन?"

आयुष्यात पहिल्यांदा मी थाप मारली. "अकोल्याच्या खाली, पातूरच्या घाटात आहे, मामा. वळणं फार आहेत ना, जरा हळू येतेय."

"घाटात? मंग काय, आलीच." त्यांचा चेहरा उजळला. "मामीले फोन कर. दार उघडाले सांग."

मी मान हलवली. तेवढ्यात नर्स आली, मग मला अमरावतीची बस गाठायची होती. मी फोन केला नाही. मामींना काय सांगणार, असं वाटलं. पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला.

तेरवीच्या दिवशी पंगती सुरू व्हायच्या आधी मी त्या दाराशी गेले. कडी गंजून बसली होती. दगडानं ठोकली, पाय लावून फळी ढकलली, तेव्हा कुठे दार उघडलं. समोर कपाशीचं शेत आणि ऊन. मामी स्वयंपाकघरातून पाहत होत्या. "दवाखान्यात मामांनी सांगितलं होतं," मी म्हणाले, "मीच तुम्हाला कळवलं नाही." रडूच आलं मला. मामी वाढायला आत वळल्या.

पत्रावळी घेऊन मी ओसरीकडे निघाले. दारासमोर आले आणि सवयीनं वाकले. पलीकडे जाऊन मागं पाहिलं, तर मामी भाताचं पातेलं घेऊन येत होत्या. दारापाशी त्या थांबल्या, अकोल्याच्या बाजूला एकदा पाहिलं, आणि दुखरे गुडघे सांभाळत, वाकून अलीकडे आल्या.