गप्पेश्वराचा जीर्णोद्धार

माणसाने गाढवपणा जरूर करावा, पण आवक क्रमांकासकट करू नये. बाकी कुठलाही गाढवपणा "छे, मी नव्हतोच तिथे" म्हणून झटकता येतो. माझा फाइलीत आहे. चार फुलस्केप, दोन्ही बाजूंना समास सोडून, सुवाच्य अक्षरात. ऐकाच आता. चहा निवला तर दुसरा सांगू.

कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला एक समाजमंदिर होतं. नावातच काय ते मंदिर, आत देव नाही. सकाळी बालवाडी, दुपारी महिला मंडळाचं शिवण आणि संध्याकाळी आम्हा निवृत्तांचा कॅरम. इमारत इतकी जुनी, की छताचे पोपडे पडायचे आणि आम्ही सोंगटीबरोबर तेही बोर्डावरून सारायचो.

एके दिवशी असाच एक पोपडा बालवाडीच्या मधोमध पडला. मुलं नेमकी अंगणात होती म्हणून बरं. बालवाडीच्या सुमनताईंनी तो रुमालात बांधून आमच्या समितीच्या सभेत आणला आणि टेबलावर ठेवला.

"अठ्ठावीस लेकरं आहेत माझ्याकडे. जूनपासून मी त्यांना या छताखाली बसवणार नाही. बालवाडी बंद."

तसा मार्ग अवघड नव्हता. वॉर्ड ऑफिस जुनी इमारत पाडून नवी बांधायला तयार होतं आणि मंजुरी निघाली, की बांधकाम होईपर्यंत बालवाडीला जवळच्या शाळेच्या दोन खोल्या मिळणार होत्या. फक्त अर्ज करायचा होता.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब, कापडाचे व्यापारी. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहा. उभा जन्म कचेरीत गेलाय तुमचा."

आता मला सांगा, निवृत्त कारकुनाला यापेक्षा गोड वाक्य दुसरं कुठलं? मी आठ दिवस बसलो. 'पाडून नवीन बांधणे' हे शब्द मला अगदीच ठेकेदारी वाटले, म्हणून मी 'जीर्णोद्धार' लिहिलं. 'समाजमंदिर' हा शब्द दर ओळीत येऊन वाक्य जड करत होता. त्यावर आमच्या खात्यातला रामबाण उपाय काढला. पहिल्याच परिच्छेदात कंस टाकला : (यापुढे ज्याचा उल्लेख 'मंदिर' असा करण्यात आला आहे).

आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, विषय : मंदिराचा जीर्णोद्धार करणेबाबत.

आलं ना लक्षात? कंस खाली आणि विषय वर! 'यापुढे' म्हटलं खरं, पण विषय 'यामागे' राहिला. आणि कुठल्याही कचेरीत विषयाच्या खालचं कोणी वाचत नाही, हे मी सोडून आणखी कोणाला ठाऊक असणार? मी स्वतः नोकरीभर कधी वाचलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी उत्तरादाखल एक छापील फॉर्म आला. देवतेचे नाव. पुजाऱ्याचे नाव. वार्षिक उत्सव. नैवेद्य. भाविकांची अंदाजे संख्या.

शहाणा माणूस उठून वॉर्ड ऑफिसात गेला असता आणि दोन मिनिटांत घोळ मिटवून आला असता. मी पेन उघडलं. अशा वेळी आम्हा पेठेतल्या माणसांना घोळ मिटवायचा नसतो, समोरच्याला त्याची पायरी दाखवायची असते.

देवता : श्री गप्पेश्वर (स्वयंभू). पुजारी : गल्लीतील समस्त निवृत्त. उत्सव : रोज सायंकाळी पाच ते आठ. नैवेद्य : चहा. भाविक : सकाळी अठ्ठावीस, वय तीन ते पाच, भक्तीने रडतात.

आमच्या सौभाग्यवतींनी वाचलं. "अहो, हे पाठवू नका."

"अगं, टोमणा आहे तो."

"त्यांना नाही कळला तर?"

"तर ती त्यांची शोभा!"

"बघा बाई," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. भाऊसाहेबांनी दुकानात बसल्या बसल्या, एका हाताने साडी दाखवत, दुसऱ्या हाताने न वाचता सही ठोकली. फॉर्म गेला.

पंधरवड्याने समाजमंदिराच्या दारावर नोटीस चिकटली. 'श्री गप्पेश्वर (स्वयंभू) मंदिराच्या जीर्णोद्धारास कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.'

मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी नोटिशीखाली जास्वंदीचं फूल होतं. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू. चौथ्या दिवशी कोणीतरी नारळ फोडून गेलं आणि माझं हसू जरा आवरलं. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई चपला काढून हात जोडून उभ्या होत्या.

"दर्शन किती वाजेपर्यंत असतं हो?"

"बाई, इथे देव नाही."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "असं बोलू नये. निदान या वयात तरी."

आणि बरोबर चौदाव्या दिवशी हरकत दाखल झाली! 'स्वयंभू स्थान आहे, धक्का लावू नये.' खाली चाळीस सह्या, आणि त्यांत पहिली आमच्या कॅरमच्या भिडूची, बर्व्यांची.

"बर्वे, अहो तुम्ही? तुम्ही तर रोज तिथे बसता!"

"म्हणून तर केली. मनाला फार शांत वाटतं हो तिथे."

हरकत आली म्हणून प्रस्ताव स्थगित झाला. मे अर्धा उलटला होता. सुमनताई स्थगितीचं पत्र घेऊन आमच्या घरी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाल्या, "पालक विचारताहेत, नाव दुसरीकडे घालू का. काय सांगू? गप्पेश्वराची इच्छा म्हणू?"

त्या दिवशी घरात मला चहा मिळाला, पण बशी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब, सुमनताई आणि मी, असे आम्ही तिघं वॉर्ड ऑफिसात. साहेब तरुण होते. त्यांनी फाइल उघडली.

"देव कुठून आणलात तुम्ही हा?"

"साहेब, देव नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"नाही कसा? तुमची सही आहे."

"सही माझी, मजकूर माझा नाही."

"मग कोणाचा?"

मी छताकडे पाहू लागलो. त्यांचं छत फारच उत्तम अवस्थेत होतं.

"ती... गंमत होती साहेब," भाऊसाहेबांना घाम फुटला.

"गंमत असा रकाना फॉर्मात नाही. एक करा, देव नाही असं लेखी द्या. देवच नसेल तर त्या हरकतीला अर्थ राहत नाही. बाहेर बाकावर बसा आणि लिहून आणा."

बाहेर आलो. भाऊसाहेबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं आणि सुरुवात केली, 'उपरोक्त विषयास अनुसरून, सदर मंदिरात (यापुढे...'

सुमनताईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, बालवाडीत फळ्यावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : 'ही बालवाडीची इमारत आहे. छत पडत आहे. आत अठ्ठावीस मुलं बसतात. देव नाही. नवी इमारत बांधा आणि तोपर्यंत शाळेच्या दोन खोल्या द्या.'

साहेबांनी एकदा वाचलं. हरकतीवर 'निकाली' असा शेरा मारला, मंजुरीवर सही केली आणि खोल्यांसाठी शाळेला चिठ्ठी लिहून सुमनताईंच्या हातात दिली. जेमतेम पाच मिनिटं!

मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बाई, या फाइलीत कळणारा असा हा पहिलाच कागद. आधीचे कोण लिहायचं?"

सुमनताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"होते एक गृहस्थ. कचेरीतून निवृत्त झालेले."

"सुटली म्हणायची ती कचेरी!" साहेब म्हणाले.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल, सांगा बघू? अहो, हसतो नाही तर काय! गप्प बसलो असतो, तर साहेबांना कळलंच असतं की.