भांडुपच्या उतारावरचा फ्रीज

घरातला फ्रीज गाडीत चालत नाही असं सगळे म्हणतात. चालतो. मी चालवलाय. त्याला फक्त सरळ उभं राहता आलं पाहिजे. वाकडा ठेवला की रुसतो.

गिरणी बंद पडली तेव्हा मी गिरणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. नंतर अंधेरीला एका पिक्चरवाल्या शेठकडे लागलो. शेठने एका जुन्या बसचं घर करून घेतलं होतं. आत गादी, हात धुवायचं भांडं, पडदे, आणि भला मोठा आरसा, त्याच्या भोवती बल्ब. बाहेरगावी शूटिंग असलं की हिरोइन त्यात बसायची. आम्ही सगळे त्या गाडीला घरगाडी म्हणायचो. तिच्यात आधी एक परदेशी छोटा फ्रीज होता, गॅसवर चालणारा. तो बिघडला आणि त्याला हात लावणारा मुंबईत कोणी सापडला नाही. शेठने तेव्हाच घरी नवा फ्रीज घेतला होता. जुना मला दाखवून म्हणाला, "ये गाडी में डाल दे."

डाल दे म्हणायला काय जातं. छातीएवढा उंच फ्रीज. पाय काढून टाकले. लोखंडी पट्ट्यांची चौकट करून ती गाडीच्या तळाला बोल्टने आवळली. खाली जुन्या टायरचं रबर घातलं, नाहीतर खड्ड्यात त्याचं आतडं हलतं. मागच्या जाळीला वारा लागावा म्हणून पत्रा कापून खिडकी केली. दाराला ट्यूबचा पट्टा, कारण वळणावर दार उघडून बाटल्या हिरोइनच्या अंगावर येतात. आल्या होत्या एकदा. गाडी चालू असताना फ्रीज बंद. मुक्कामाला पोचल्यावर चाकाखाली विटा घालून गाडी सपाट करायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मशीनमधलं तेल खाली बसू द्यायचं, आणि मग वायर जोडायची. एवढं केलं की चालतो.

हे सगळं शेठच्या कामासाठी केलं. उपयोगी पडलं ते माझ्या बायकोला.

तिच्या घशात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळात शेक सुरू झाले. शेक म्हणजे मशीनखाली झोपवून घशावर किरण सोडतात. बाहेरून काही दिसत नाही, आतून भाजतं. तोंड सोलून निघालं. गरम चालेना, कोमट चालेना. थंड असलं तरच घोट उतरायचा. सोलकढी मागायची, आणि जिभेला लागली की डोळ्यांतून पाणी काढायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी मागायची. मी म्हणायचो, "अगो, कशाला?" तर म्हणायची, "वास तरी घेऊ दे."

भांडुपला टेकडीवर आमची बैठी चाळ. पत्र्याखाली एक खोली. आळीत बातमी फुटली तशा बाया लांब झाल्या. ते दिवस तसेच होते, हा रोग श्वासाने लागतो असं लोक धरून चालायचे. नळावर आपला हंडा तिच्या हंड्यापासून लांब सरकवायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. समोरच्या खोलीतली, घाटावरची बाई, रोज दुपारी आमच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडायला बसायची. ती आपल्याच दारात बसायला लागली. आठ हातांवर. तिथून हसायची, पण यायची नाही.

एकदा मी पेज थंड व्हायला पाण्यात ठेवत होतो. बायको म्हणाली, "मराक मी भियत नाय. पण माका न्हाऊक कोण घालतला?"

मी पेजेचं भांडं पाण्यात फिरवत राहिलो. आमच्यात नवऱ्याआधी गेलेल्या बाईला सवाष्णी न्हाऊ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात. पुरुषांनी बाहेर थांबायचं. आम्हाला मूलबाळ नाही. तिचं माहेर पार वेंगुर्ल्याकडे, तिथल्या बाया येईपर्यंत कोणी मढं ठेवत नाही. आणि आळीतल्या बाया तर जिवंतपणीच हात लावीनात. तिने सगळा हिशेब करून ठेवला होता.

उन्हाळ्यात शेठचा पिक्चर अडकला. घरगाडी स्टुडिओच्या मागे नुसती तापत उभी. मी शेठसमोर जाऊन सांगितलं, बायकोला थंड लागतं, गाडी घरी नेऊ का? शेठ म्हणाला, "ले जा. शूटिंग लगी तो वापस ला." माणूस शिव्या फार द्यायचा, पण त्या दिवशी एकही दिली नाही.

आळीच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा होती, तीही उतारावर. चाकाखाली विटा पुरेनात, दगड घातले. पेल्यात पाणी घेऊन फ्रीजवर ठेवलं आणि ते सरळ दिसेपर्यंत जॅक मारत राहिलो. खोलीतून वायर ओढली. बर्फाच्या खणात दूध ओतून ठेवलं. त्याचा गोळा झाला की चमच्याने खरवडून तिला भरवायचं. पहिल्या दिवशी तिने वाटीभर खाल्लं. किती तरी दिवसांनी वाटीभर. दिवसा ती गाडीतच झोपायला लागली, खोलीपेक्षा तिथे वारा होता.

समोरचीचा भाऊ वर्सोव्याला बर्फाच्या कारखान्यात होता. त्याने एकदा पापलेटं आणून दिली. उन्हात मासळी किती टिकणार? ती ताट घेऊन गाडीच्या पायरीशी आली आणि बाहेरूनच म्हणाली, "वैनी, एवढं ठेवता का आत? संध्याकाळी नेते."

बायको आडवी होती. म्हणाली, "माझ्याने उठवत नाही गो. तूच ये नि ठेव."

ती घुटमळली. पदर नाकाला लावला आणि चढली. गादीला वळसा घालूनच फ्रीजकडे जावं लागायचं, दुसरी वाट नव्हती. मासे ठेवले, दार लावलं आणि पळाली. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा पदर नाकाला नव्हता.

मग काय, भांडुपला बर्फाची खाण लागली. कोणाच्या पाण्याच्या बाटल्या, कोणाचं दूध, कोणाचं भिजवलेलं पीठ. आळीत एकाकडेही फ्रीज नव्हता. बाया पायरीवर उभ्या राहून हाका मारायच्या.

"काय हिरोइनबाई, येऊ काय आत? मेकअप चाललाय वाटतं!"

"ये. पण आधी तारीख घ्यावी लागते हो माझी."

माझी बायको हसली की घसा धरायची, पण हसायची.

आणि मी जळायचो. मला दिवसा शेठच्या दुसऱ्या गाडीवर जावं लागायचं. संध्याकाळी परत येऊन बघावं तर दुधाचा गोळा झालेलाच नसायचा. कसा होणार? दर घटकेला दार उघडायचं, ऊन आत, आणि संध्याकाळी आमच्याकडची लाईट इतकी मंद की बल्बची तार मोजून घ्या. खणात नुसतं गार दूध हलत असायचं आणि शेजारी कोणाचे तरी बोंबील. तिचा घसा आणखी भाजला होता, नुसतं गार दूध आता टोचायचं. त्या रात्री ती उपाशी झोपायची.

त्या काळच्या फ्रीजला दाराला कुलूप असायचं. मी एक दिवस सकाळी कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून अंधेरीला गेलो. परत आलो तर खणात दूध दगडासारखं. मी खुशीत वाटी भरली. तिने तोंड फिरवलं.

"खा की."

"आज कोण आलं नाही."

"बरं झालं. आराम मिळाला."

"समोरची आली होती. कुलूप बघितलं नि तशीच गेली. बाटली पण मागितली नाही."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बर्फ होता आणि ती खात नव्हती. मी भडकलो. म्हटलं, "तू बर्फावर जगणार की बायांवर? त्यांना फ्रीज पाहिजे, तू नकोस! एवढं कळत नाही?"

ती उठून बसली. तिला उठून बसायला किती त्रास व्हायचा ते मला ठाऊक आहे. म्हणाली, "कळतं. फ्रीजसाठीच येतात. येऊ देत. मला न्हाऊ तुम्ही घालणार काय?"

मी चावी काढून तिच्या हातात दिली. मी चूक केली असं मी आजही म्हणत नाही. तिच्या पोटात चार घास जास्त जावेत म्हणून कुलूप लावलं होतं. पण तिला काय पाहिजे ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिने चावी गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली. आता ज्याला फ्रीज पाहिजे त्याने तिच्याकडून चावी घ्यायची. म्हणजे गादीवर बसायचं, वाकायचं, तिच्या गळ्याशी हात न्यायचा. मला वाटलं, ह्या अटीवर कोणी फिरकणार नाही. पहिली आली समोरचीच. लांबून हात पुढे करून म्हणाली, "द्या वैनी."

"माझ्या हातात जोर नाही. तूच सोडव."

समोरची माझ्याकडे बघायला लागली. मी आरशाकडे बघितलं. मग तिने खाली बसून पोतीतली चावी सोडवली. गळ्याला बोट लागू नये म्हणून नखांनीच ओढत होती. लाज नव्हती ती, भीतीच होती. उगाच गोड कशाला सांगू?

पुढे पुढे माझी बायको भाव वाढवायला लागली. "चावी हवी? मग आधी केस विंचर." "चादर बदल गो जरा." "पाठ चोळ, गादीने सोलली आहे." बाया हसत शिव्या द्यायच्या, "काय मारवाडी आहे ही बाई, एका बाटलीला एवढं काम!" आणि करायच्या. एकीने तर टाचांना खोबरेल लावून दिलं. टोकाच्या खोलीतली म्हातारी तेवढी कधी चढली नाही, तिच्या बाटल्या ती दुसऱ्यांच्या हाती पाठवायची. बायकोने त्याही ठेवून घेतल्या. दूध नीट गोठायचं नाही ते नाहीच. पण बाया असताना ती तेच गार दूध चमचा चमचा घ्यायची. तोंड वाकडं करायची, थांबायची, पुन्हा घ्यायची. मी भरवलं की घ्यायची नाही. हे मला लागलं. अजून लागतं.

मग शेठचा निरोप आला. पिक्चर सुटला, गाडी आण. मी फ्रीज सोड्याने धुतला, लिंबाच्या साली ठेवल्या. तरी हिरोइनने दार उघडल्याबरोबर नाकाला रुमाल लावला. शेठ ओरडला, "इसमें मच्छी किसने रखी?" मी म्हटलं, "पूरी गल्ली ने." मग मात्र शिव्या दिल्या.

गाडी गेली त्या दिवशी बायको खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "समोरचीच्या भावाला सांगून वर्सोव्याचा बर्फ आणतो. भुशात टिकेल."

"आणा."

"बायांना सांगू काय अधूनमधून यायला?"

"सांगू नका कोणाला," ती म्हणाली. "सांगून आल्या तर आपणहून कोण येतं ते मला काय कळणार?"

दोन दिवस कोणी आलं नाही. मी बर्फ फडक्यात घालून खलबत्त्याने फोडत होतो, ती नुसती दाराकडे बघायची. मला आळीला आग लावावीशी वाटत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरची सुपात तांदूळ घेऊन आली आणि जुन्या जागी, आमच्या उंबऱ्यावर बसली. खडे बाहेर टाकल्याचा टिक टिक आवाज तेवढा येत होता. त्या दिवसापासून ती रोज बसायची. बाकीच्या कधी यायच्या, कधी नाही. सगळ्या आल्या असं म्हटलं तर खोटं होईल.

गेली ती सकाळी उजाडल्यावर, पाणी भरायच्या वेळेला. मी तिच्या तोंडात बर्फाचा तुकडा ठेवला तो विरघळून बाजूने खाली आला, तेव्हा मला कळलं. माहेरी तार करायला एकाला पाठवलं. मग बाहेर येऊन खोलीच्या पायरीवर बसलो. पुरुष जमले, कोणी बांबू आणायला गेला, कोणी मडकं. मी बाया बघत होतो. नळावर रांग होती. सगळ्या उभ्या. एकीनेही जागा सोडली नाही. माझ्या मनात आलं, नाही आल्या तर दार लावून मीच घालीन, रीत गेली खड्ड्यात.

तेवढ्यात समोरची रांगेतून भरलेला हंडा घेऊन निघाली. माझ्या बाजूने आत गेली. दारातून ओरडली, "अगं बघत काय उभ्या राहिलात? एका हंड्यात होणार आहे का? वैनीच्या केसांनाच दोन लागतात."

रांगेतून एक हलली. मग दुसरी. एक जण घरी जाऊन शिकेकाई घेऊन आली. टोकाची म्हातारी दारापर्यंत आली, आत नाही गेली, तिथून हळदीची पुडी दिली.

दार लागलं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मधेच कोणीतरी म्हणालं, "हळू गं, पाठीला सोललंय तिच्या." जणू तिला दुखणार होतं.

बऱ्याच वेळाने समोरचीने दार उघडलं. कोपरापर्यंत ओली. म्हणाली, "भावजी, आत या. कुंकू तुम्ही लावायचं."

हिरवं लुगडं नीट नेसवलं होतं. केस विंचरून अंबाडा घातला होता. मी चिमूट घेतली, पण कपाळावर अजून पाणी होतं, कुंकू ओघळलं असतं. मी फडकं शोधायला लागलो. समोरची वाकली आणि आपल्या पदराने तिचं कपाळ पुसलं, कानामागचंही पुसलं. मग मी कुंकू लावलं.