कूलरच्या टाकीतलं पाणी

माझ्या हाताला काही येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी खिळा ठोकायला घेतला की बायको आधी आयोडीनची बाटली शोधून ठेवते. अशा माणसानं दगड घासून चमकवायचं यंत्र घरी बसवलं, याला कारण माझं तोंड. मी आधी बोलून टाकतो आणि मग ते निस्तरत बसतो.

दगड सासऱ्यांचा होता. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी त्यांनी कन्नड तालुक्यातल्या शेतात विहीर खोदली, तेव्हा वर काढलेल्या मुरमात तो सापडला. लिंबाएवढा आणि मळकट. पण एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, आणि तिथून आतला मधासारखा रंग दिसायचा. अकीक होता तो, अंगठीत बसवतात तसला. "याचं तुला गळ्यातलं पदक करून आणतो," असं सासरे सासूबाईंना म्हणाले, आणि जन्मभर म्हणतच राहिले. ते गेल्यावर बायकोनं दगड आमच्याकडं आणला. संक्रांतीला तिची आई येणार होती. तोवर पदक तयार व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं.

खुलताबादला अंगठीचे खडे विकणारे एक म्हातारे चाचा होते. आम्ही दोघं दगड घेऊन गेलो, आणि त्यांनी तो चाकावर कापला. दोन्ही बाजूंचा भुगा झाला आणि मधली एकच चकती शाबूत निघाली, बत्ताशाएवढी. उजेडात धरली की आत मधाचे थरावर थर दिसत.

"छोड जाव मेरे पास," चाचा म्हणाले. "जुम्मे को ले जाना. आइना बना के देतूँ."

शहाण्या माणसानं इथं चहा पिऊन परत यावं. पण चाचांचं चाक फिरताना बघून मला वाटलं, यात अवघड ते काय?

"नको चाचा, मी घरीच करीन."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिची ती नजर मी पंचवीस वर्षं ओळखून आहे, आणि पंचवीस वर्षं तिच्याकडं काणाडोळा करत आलोय. चाचांनी हसत तीन पुड्या बांधून दिल्या. जाडी पावडर, बारीक पावडर आणि शेवटी चमक आणणारी गुलाबी. एवढंच बजावलं, "सुक्का नको घिसो, भाऊ. धूल छाती में बैठती. पानी चलते रहना."

शहागंजच्या भंगारातून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली. एका जुन्या टेबलावर मोटर, पट्टा आणि चाक असं सगळं जमवून बटण दाबलं, तर टेबल थरथरत चालायला लागलं आणि थेट तुळशीपाशी जाऊन थांबलं. मग यंत्र मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बोल्टनं आवळून टाकलं.

"आणि धुणं काय तुमच्या पाठीवर आपटू?" बायकोनं विचारलं.

राहिलं पाणी. नळ दिवसाआड यायचा, तोही लहर लागली तर. चाकावर सारखं धरायला पाणी आणायचं कुठून? तेव्हा मला एक कल्पना सुचली, आणि पुढचा आठवडाभर मी तिच्या अभिमानात वावरलो. थंडीमुळं कूलर बंद होता. त्याची टाकी यंत्राखाली ठेवली. त्यातला छोटा पंप पाणी वर चढवायचा, ते चाकावर पडायचं आणि परत टाकीत यायचं. एक थेंब वाया नाही. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

जाड्या पावडरीवर चकती छान गोल झाली. बारीक पावडरीवर गुळगुळीत झाली. मग चाकावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा, बसवून गुलाबी पावडर लावली. चकती पुसून बघतो, तर मांजरानं ओरबाडल्यासारख्या रेघा! पुन्हा बारीक पावडर, पुन्हा गुलाबी, पुन्हा रेघा. मी नमदा बदलला. बेअरिंगला ग्रीस भरलं. पट्टा ताणला, चाकाचा डोल काढला, व्होल्टेजला शिव्या घातल्या. यंत्र रोज सुधारत गेलं आणि दगड रोज झिजत गेला. बत्ताशाची रेवडी झाली. चाकावरून उडणाऱ्या चिखलाची मातकट पट्टी मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीनं उमटली. "आई यायच्या आत भिंतीला चुना मारायचा," असं बायकोनं फर्मावलं.

संक्रांत तीन दिवसांवर आली तेव्हा रेवडीचा चिंचोका झाला होता.

"अजून एकदाच," मी म्हणालो.

"अजून एकदा म्हणजे? नथीतला खडा करताय का?" ती म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "अहो, माझ्या वडलांचं एवढंच राहिलंय."

मी यंत्र बंद केलं. "उद्या चाचांकडं नेतो," असं म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं मला शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नळ आला. पाणी साठवायला बायकोनं कूलरची टाकी उपसली आणि तळाला हात घातला.

"हे काय बसलंय? रवा?"

मी बोटांत चोळून बघितलं. ती जाडी पावडर होती.

"तिन्ही पावडरींना हेच पाणी?"

"हो! वायाच जात नाही."

तिनं तो रवा मूठभर माझ्यापुढं धरला. "वापरायच्या बादलीतला तांब्या पिण्याच्या माठात बुडवला तर तुम्ही घर डोक्यावर घेता. आणि गुलाबीला जाडीचं उष्टं पाणी पाजता व्हय?"

मी नमदा, ग्रीस, पट्टा, व्होल्टेज सगळं तपासलं होतं. पाणी तेवढं राहून गेलं होतं.

मग तिनं कारभार हातात घेतला. चाक घासलं. नवा नमदा काढला. माझे हात कोपरापर्यंत साबणानं धुवायला लावले. आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा बाहेर आणला, ज्यातून आम्ही पाहुण्यालासुद्धा अर्धाच पेला विचारून द्यायचो. ती तांब्यानं बारीक धार धरत होती, मी चिंचोका धरला होता. हंडाभर पिण्याचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत मोरीत गेलं. पुसून बघितलं, तर दगडात आमचं अंगण दिसत होतं, आणि एकही रेघ नव्हती.

संक्रांतीला सासूबाईंनी तो खिडकीशी धरला. मी त्यांना मामी म्हणतो.

"लई बारीक झाला की."

"व्हय, मामी."

"बाकीचा कुठंय?"

मी गुमान भिंतीकडं बोट दाखवलं. चुना मारायचा राहूनच गेला होता. त्या उठल्या आणि त्या पट्टीवर हात ठेवला.

"आमचं माणूस चाळीस वर्षं आणतो, आणतो म्हणलं. तुमी केला तरी." मग मागं वळल्या. "पर जावईबापू, आता दुसरं काय घासायला घेऊ नका."

पदक नाही, अंगठी झाली. ती त्यांच्या बोटात आहे. परवा घराला रंग काढला तेव्हा रंगारी त्या भिंतीपाशी अडला. "भाभी, इतना चिखल खरवडू का?"

"हात लावू नका तिथं," बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "वडील आहेत माझे."

रंगारी ब्रश घेऊन चार पावलं मागं सरकला.