निळ्या फडक्यातली कानस

कचरूकडे पेटी दुरुस्तीला आणली की आधी कानशीवरचं भाषण ऐकावं लागतं. मेहकरच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांतली, भजनाची असो की भीमगीतांची, सूर बिघडलेली प्रत्येक हार्मोनियम त्याच्या ओसरीवर येऊन गेलेली आहे, त्यामुळे हे भाषण पंचक्रोशीला पाठ आहे. तरी तो ते प्रत्येकाला नव्यानं ऐकवतो.

"नवी कानस आणली की तिले आधी पितळ दाखवाचं," तो सुरू होतो. "पितळेले कोवळी धार लागते. तिथं मंदावली की मंग लोखंडाले द्याची. पण एकदा लोखंडाले लागली, की पितळेवर नुसती घसरते. मंग तिले परत आणाची नाही." पुढे खडूची पाळी येते. दातांवर खडू घासला की पितळेचा चुरा अडकत नाही. काम झालं की तारेच्या ब्रशनं झाडायचं. दोन कानशी उघड्या एकमेकींवर टाकायच्या नाहीत, दात मोडतात. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. ऐकणाऱ्याचा चहा गार होतो, पण कचरूचा उत्साह नाही.

त्याची बायको चांगुणा सत्तावीस वर्षं हे चुलीपाशी बसून ऐकत आली. कधी एका शब्दानं बोलली नाही.

कचरूच्या डब्यात एकाच मापाच्या दोन बारीक, चपट्या कानशी होत्या. पितळेची पांढऱ्या फडक्यात, लोखंडाला दिलेली निळ्या फडक्यात. निळ्यातली चांगुणानं विळा पाजवायला खुशाल घ्यावी, पांढऱ्याला बोट लावायचं नाही, असा घरचा कायदा. आपल्याला तर दोन्ही मुठीवरून डोळे मिटून ओळखू येतात, असं तो वर सांगायचा.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका दुपारी शेजारच्या गावचे पंजाबराव नातीला घेऊन आले. काजल दहावीत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेहकरला तालुक्याची गायनाची स्पर्धा होती. पेटी पंजाबरावांच्या वडिलांच्या काळातली. नेमका पंचम उतरला होता आणि काजलचं सगळं गाणं पंचमावरच येऊन थांबत होतं.

"चारच्या एसटीनं निघा लागते आमाले," पंजाबराव म्हणाले. "दुसरी पेटी देत होते शाळेतून. पण पोरीचा हात हिच्यावरच बसेल हाय."

काजल पेटीवर हात ठेवून बसली होती आणि रडू येऊ नये म्हणून छपराच्या पत्र्याकडे पाहत होती. कचरूला पोरीची फार दया आली. त्या दिवशी त्यानं भाषण अर्ध्यावर आटोपलं.

पेटी उघडून त्यानं पंचमाची पितळी पट्टी काढली. पट्टी म्हणजे बोटभर लांबीची पातळ जीभ. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि जास्त घासली की संपलं, गेलेलं पितळ परत येत नाही. या जुन्या पट्टीला जोड मिळण्याची आशा नव्हती. त्यानं पांढरं फडकं सोडलं, खडू घासला, जिभेखाली पातळ पातं सरकवलं आणि हलका हात दिला.

कानस घसरली.

कचरूनं हात उचलला. उजेडाकडे धरून दात पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. ही तर लोखंडाची. मग त्यानं निळं फडकं सोडलं. आत त्याची पितळेची लाडकी होती आणि तिच्या दातांत लोखंडाचा काळा चुरा भरलेला होता.

"माह्या कानशीले हात कोणं लावला?" तो ओरडला.

"म्या," चांगुणा आतून म्हणाली. "सकाळी विळा पाजवला."

"काऊन?"

ती बाहेर आली. "निळं फडकं कशाचं असते?"

"लोखंडाचं."

"मंग म्या निळ्यातलीच घेतली. काल मुठी कोणं बदलल्या? फडके कोणं गुंडाळले?"

कचरूनं हातातल्या नव्या मुठीकडे पाहिलं. काल त्यानंच दोन्हींना बाभळीच्या नव्या मुठी बसवल्या होत्या, फडकी धुऊन वाळवली होती आणि पंजाबरावांच्याच गावच्या कोणाशी फोनवर कानशीबद्दल बोलत बोलत गुंडाळली होती. पंजाबरावांनी हसू मिशीत दाबलं. पण तीन वाजत आले होते, आणि अशी बारीक कानस जालन्याशिवाय मिळत नव्हती.

चांगुणा आत गेली. पेटाऱ्याचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या हिरव्या काठाची गुंडाळी होती. तिनं ती सोडली. आत खडूचा तुकडा आणि त्याच्या शेजारी एक बारीक, चपटी कानस. गंजाचा ठिपका नव्हता, एका दाताला घासल्याची खूण नव्हती.

"लग्नाच्या दुसऱ्या साली तुमी जालन्याहून दोन आणल्या होत्या," ती म्हणाली. "एक मले देली, विळ्यासाठी."

"मंग वापरली काऊन नाही?"

"नव्या कानशीले आधी पितळ दाखवा लागते, तुमीच सांगता. माह्यापाशी पितळ कुठं होतं?"

पंजाबरावांना आता हसू आवरेना. काजलही डोळे पुसत हसली. कचरूला मात्र हसू येईना. आपण बोलत असताना कोणी इतकं मन लावून ऐकत होतं, हे त्याला आज कळत होतं. त्यानं उगाच खडू शोधला. खडू तर समोरच होता.

त्या कानशीनं पितळ पहिल्या हातालाच धरलं. चार वेळा घासलं, ब्रशनं झाडलं, पट्टी बसवून ऐकलं. आणखी दोन हात. मग काजलनं भाता मारला, पंचमावर बोट ठेवलं आणि दोन ओळी म्हटल्या. दुसऱ्या ओळीला पंजाबरावांनी मान हलवली आणि चारची एसटी त्यांना मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. काजलचा दुसरा नंबर आला होता. कचरूनं ही बातमी चांगुणाला अशी सांगितली जणू बक्षीस तिलाच मिळालं.

मग तो ओसरीवर बसून तिचे दोन्ही विळे पाजवू लागला. आता लोखंडाला द्यायला एक सोडून दोन कानशी होत्या. पाजवून झाल्यावर त्यानं तिची कानस पुढे केली.

"हिनं पितळ पाह्यलं आता. ने, विळ्याले लाव."

"राहू द्या तुमच्या डब्यात," ती म्हणाली. "फक्त फडकं बदलू नका."

डब्यात आता पांढरं फडकं नाही. पितळेची कानस हिरव्या काठात असते आणि तो काठ धुवायचा झाला की चांगुणाच धुते, गुंडाळतेही तीच.